फोर्ट वर्थ पहिल्यांदाच बघायला जाताय? मग एक रात्र स्टॉकयार्ड्समध्ये काढा

डॅलसच्या आसपास राहणारी आपली मंडळी फोर्ट वर्थला जातात ती बहुतेक वेळा भारतातून आई-बाबा आले की. शनिवारी अकराला घर सोडायचं, भर दुपारी पोहोचायचं, लांब शिंगांच्या बैलांबरोबर फोटो काढायचा, लिंबू सरबत प्यायचं आणि पाचच्या आत घरी. पहिली दोन-तीन वर्षं मीही हेच केलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटलो की तिथं फारसं काही नाही. मग एकदा स्टॉकयार्ड्स या जुन्या गुरांच्या बाजाराच्या भागात मुक्काम घडला, आणि आपण इतके दिवस नुसती जत्रा बघून परत येत होतो हे लक्षात आलं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

थोडा इतिहास आधी. तो माहीत नसेल तर हे गाव म्हणजे टोप्यांची दुकानं आणि दारूचे गुत्ते एवढंच दिसतं.

1849 मध्ये अमेरिकन सैन्यानं ट्रिनिटी नदीकाठी एक ठाणं टाकलं आणि त्याला जनरल वर्थ यांचं नाव दिलं. नावात फोर्ट असला तरी तट-बुरूज शोधत बसू नका, तसा किल्ला इथं झालाच नाही. सैन्य चारच वर्षांत निघून गेलं. 1865 मध्ये यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासच्या माळांवर मोकाट लाँगहॉर्न गुरांचा सुकाळ होता आणि उत्तरेकडच्या शहरांत मांसाला मागणी होती. इथं चारेक डॉलरला जाणारा बैल कॅन्ससच्या रेल्वे स्थानकावर चाळीसला जायचा. मधे रेल्वे नव्हती, म्हणून हजारो जनावरांचे कळप चालवत न्यायचे. त्या वाटेला चिझम ट्रेल म्हणतात. वाटेत इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमातल्या आदिवासींच्या मुलखात, शिरण्याआधीचं शेवटचं मोठं बाजाराचं गाव फोर्ट वर्थ. जाताना पीठ, कॉफी, काडतुसं घ्यायची आणि येताना खिशातला पगार इथंच उडवायचा. 1866 ते 1890 या काळात चाळीस लाखांहून जास्त गुरं या गावातून गेली असं सांगतात.

1876 मध्ये रेल्वे आली. मग गुरं चालवत न्यायचं कारणच उरलं नाही, ती इथंच विकली जाऊ लागली. 1902-03 च्या सुमारास आर्मर आणि स्विफ्ट या दोन कंपन्यांनी इथं प्रचंड कत्तलखाने उभे केले. 1944 या एका वर्षात पन्नास लाखांहून जास्त जनावरं या आवारातून गेली. पुढं ट्रक आले, हमरस्ते आले, बाजार ठिकठिकाणी विखुरला. आर्मर 1962 मध्ये बंद झाली, स्विफ्ट 1971 मध्ये. 1976 मध्ये हा परिसर ऐतिहासिक म्हणून नोंदवला गेला, आणि आता तिथं आपण आईस्क्रीम खात हिंडतो.

गाव बघताना मी एक धागा धरतो: पैसा कुठं मिळाला, कुठं उडाला आणि कुठं मुरला. स्टॉकयार्ड्समध्ये मिळाला, डाउनटाउनमध्ये उडाला, संग्रहालयांत मुरला. याच क्रमानं फिरा.

1. दिवस ठरवा

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज 38-40 अंशांवर जातो आणि विटांचे रस्ते तव्यासारखे तापतात, ज्येष्ठांना घेऊन तेव्हा जाऊ नका. वसंतात गारपिटीची आणि वादळाची सूचना आली तर ती गंभीरपणे घ्यायची.

वार सगळ्यांत महत्त्वाचा. रोडिओ, म्हणजे काउबॉयच्या बैल-घोड्यांवरच्या खेळांचा सामना, शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी असतो. मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. म्हणून शुक्रवारी दुपारी पोहोचून शनिवारी संध्याकाळी परतणं मला सर्वांत सोयीचं वाटतं. शनिवारी दुपारी स्टॉकयार्ड्समध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्या वेळी तुम्ही संग्रहालयांत असाल.

जानेवारी-फेब्रुवारीतल्या स्टॉक शोचं गणित वेगळं. 1896 पासूनची ही जनावरांची जत्रा हल्ली तीन आठवडे चालते. तिचा रोडिओ 2019 मध्ये उघडलेल्या डिकीज अरिनामध्ये होतो. पण खरी मजा शेजारच्या गोठ्यांत आहे. शाळकरी मुलं स्वतः वाढवलेले बैल धुतात, ड्रायरनं त्यांचे केस वाळवतात, कंगव्यानं विंचरतात आणि परीक्षकांपुढं उभे करतात. पहिला आलेल्या बैलाची बोली तीन लाख डॉलरच्याही वर गेलेली आहे. गुरांची आवड असलेल्या माणसानं त्या दिवसांतच जावं, फक्त हॉटेल काही महिने आधी ठरवावं.

2. कसं पोहोचायचं

डॅलसपासून अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, आणि डीएफडब्ल्यू (डॅलस-फोर्ट वर्थ) विमानतळ दोन्ही शहरांच्या मधोमध. विमानानं येणाऱ्यांनी आधी डॅलसला जाऊन मग इकडं यायचं कारण नाही. विमानतळाच्या टर्मिनल बी मधून टेक्सरेल ही गाडी थेट फोर्ट वर्थला जाते. डाउनटाउनला पोहोचायला तासाभराच्या आत. तिचं नॉर्थ साइड हे स्थानक स्टॉकयार्ड्सच्या जवळ आहे. नकाशात ते चालण्यासारखं वाटतं. उन्हात बॅग ओढत चाललात तर वाटणार नाही. तिथून टॅक्सी करा.

डॅलसहून येणारी ट्रिनिटी रेल्वे एक्सप्रेस ही गाडी वेगळी, आणि ती रविवारी धावत नाही. हे मला डॅलसच्या फलाटावर पाहुण्यांसकट अर्धा तास उभं राहिल्यावर कळलं. फलाटावर आमच्याशिवाय कुणीच नव्हतं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

गाडी असेल तर उत्तम. गावाचे तीन भाग एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर आहेत, आणि त्यांच्यामधे चालत जावंसं वाटेल असं काही नाही. स्टॉकयार्ड्समध्ये पार्किंगला पैसे पडतात. गर्दीच्या दिवशी दर चढतात, तेव्हा पाटी वाचूनच गाडी लावा.

3. मुक्काम कुठं करायचा

इथं घाई करू नका, सहल जमणार की फसणार ते बरंचसं यावर ठरतं.

पहिला पर्याय स्टॉकयार्ड्स. माझं मत याच बाजूचं. स्टॉकयार्ड्स हॉटेल 1907 पासून एक्स्चेंज अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर उभं आहे. गुरांचे व्यापारी इथं उतरायचे, आणि 1933 मध्ये बॉनी आणि क्लाइड ही दरोडेखोर जोडी इथं राहून गेल्याचं हॉटेलवाले अभिमानानं सांगतात. खोल्या जुन्या धाटणीच्या आहेत, आणि खाली रात्री गाणीबजावणी चालते. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी खोली मागताना रस्त्याची बाजू टाळायला सांगावं. हॉटेल ड्रोव्हर 2021 मध्ये उघडलेलं, चकचकीत आणि महाग. ते म्यूल अॅलीच्या टोकाला आहे. एकेकाळी घोडे-खेचरांचे तबेले असलेल्या विटांच्या लांबलचक इमारती दुरुस्त करून तिथं दुकानं केली आहेत. हॉटेलच्या मागं ओढ्याकाठी मोठं अंगण आहे, संध्याकाळी तिथं बसायला छान वाटतं.

दुसरा पर्याय डाउनटाउन. हिल्टन म्हणजे 1921 चं जुनं हॉटेल टेक्सास. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी आयुष्यातली शेवटची रात्र इथं काढली. त्याबद्दल पुढं येईल. सिंक्लेअर हे 1930 च्या इमारतीतलं, आर्ट डेको नक्षीचं. शनिवार-रविवारी कॉन्फरन्सवाले नसले की डाउनटाउनचे दर बऱ्याचदा स्टॉकयार्ड्सपेक्षा कमी असतात. संध्याकाळी पायी फिरायला, जेवायला सोपं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी डाउनटाउनच सुचवेन.

तिसरा, संग्रहालयांजवळचा कल्चरल डिस्ट्रिक्ट. बोवी हाउस हे तिथलं अलीकडचं बडं हॉटेल. चित्रांसाठीच येणाऱ्यांना हा भाग सोयीचा.

खिसा सांभाळायचा असेल तर 35 डब्ल्यू हमरस्त्याच्या कडेची साखळी हॉटेलं घ्या. सकाळचा नाश्ता आणि गाडी लावायची जागा बहुतेक ठिकाणी भाड्यातच मिळते. तिथून स्टॉकयार्ड्स गाडीनं फार लांब नाही.

ऑनलाइन दिसणाऱ्या भाड्यावर जाऊ नका. त्यावर 15 टक्क्यांहून जास्त कर बसतो. मोठ्या हॉटेलांत गाडी लावायचे पैसे वेगळे, काही ठिकाणी 'डेस्टिनेशन फी' नावाचा आणखी एक चटका. पैसे भरायच्या आधी शेवटचा आकडा बघा, मगच दोन हॉटेलांची तुलना करा.

4. पहिला दिवस: स्टॉकयार्ड्स

रोज दोनदा, साडेअकराला आणि चारला, लाँगहॉर्न बैलांचा कळप एक्स्चेंज अॅव्हेन्यूवरून चालवत नेतात. पैसे लागत नाहीत. शहराच्या दीडशेव्या वर्षानिमित्त 1999 मध्ये हे सुरू झालं. वीस मिनिटं आधी लाइव्हस्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीसमोर सावलीची जागा धरा. ऊन मागून येईल असं उभं राहा, नाहीतर फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या येतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: कळप पाच मिनिटांच्या आत निघून जातो. धूळ उडवत, हाकारे देत धावणारी गुरं बघायला आलेल्यांची निराशा होते. पंधरा-वीस बैल, आजूबाजूला घोडेस्वार, सगळे संथ. पण शिंगं! या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फूट आणि त्याहूनही जास्त. माझे वडील सांगोल्याच्या बाजारात खिल्लार बघत वाढलेले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "शिंगं आहेत, पण चालीत ऐट नाही." तुमच्या घरातल्या जाणकारांचं मत वेगळं असू शकेल.

कळप गेला की गर्दी दुकानांकडे वळते. तुम्ही इमारतीच्या मागं जा. बैल तिथं दावणीला परत आलेले असतात आणि कुंपणापाशी उभं राहून निवांत बघता येतात. रस्त्यातल्या खोगीर घातलेल्या बैलावर पैसे देऊन बसायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या आईनं त्याला लांबूनच नमस्कार केला.

1902 च्या लाइव्हस्टॉक एक्स्चेंजमध्ये गुरांचे सौदे व्हायचे. आत स्टॉकयार्ड्स म्यूझियम आहे, दोन खोल्यांचं म्हणावं इतकं लहान, पण मला गावातलं सगळ्यात आवडतं. तिथं एक विजेचा दिवा आहे, 1908 पासून जळतोय. नाटकगृहाच्या मागच्या दारावरचा तो साधा दिवा, इमारत पडली तरी विझू दिला नाही.

शेजारी काउटाउन कोलिझियम. 1908 ची ही इमारत 88 दिवसांत बांधली आणि 1918 मध्ये छपराखालचा पहिला रोडिओ इथं झाला. बाहेर बिल पिकेट यांचा पुतळा आहे. पळत्या बैलाची शिंगं धरून त्याला आडवा करायचा खेळ रूढ करणारा हा कृष्णवर्णीय काउबॉय. सिनेमातले काउबॉय सगळे गोरे असतात, प्रत्यक्षात त्यांच्यात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन बरेच होते. रोडिओ हा शब्दच स्पॅनिश आहे.

संध्याकाळच्या रोडिओचं तिकीट आधी काढा. बैलावर आठ सेकंद टिकायचं, एक हात हवेत, तो कुठंही टेकला की बाद. स्वाराला मिळतात तसे बैलालाही गुण मिळतात, हे कळल्यावर खेळात जीव येतो. मधे मुलांना मैदानात बोलावून वासराच्या शेपटीची फीत काढायला सोडतात. आपली मुलं उतरणार असतील तर चांगले बूट घालून न्या, खाली माती आणि आणखी बरंच काही असतं.

नंतर जमलं तर बिली बॉब्ज टेक्सास. 1981 मध्ये उघडलेला हा जगातला सर्वांत मोठा हाँकी टाँक म्हणवतो, म्हणजे गाणं, नाच आणि दारूचा अड्डा. त्या जागी पूर्वी जनावरांचा गोठा होता. आई-वडिलांबरोबर मुलांनाही आत सोडतात. टेक्सासचा दोन पावलांचा नाच बाजूला उभं राहून दहा मिनिटं बघितला तर शिकता येतो. निदान मला तसं वाटलं होतं.

आता मुक्कामाचं कारण. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाहेर पडा. दुकानं बंद, रस्ता मोकळा, कुठूनतरी गवताचा आणि शेणाचा वास. जुन्या लाकडी कोंडवाड्यांवरच्या पायवाटा, रेल्वेचे रूळ, पूर्वेच्या टोकाला कत्तलखान्यांच्या जागा. इथं गुरं रुळांवरून यायची, मोजली जायची, विकली जायची आणि टेकडीवर जायची. दुपारच्या जत्रेत हा विचार मनात येत नाही, सकाळी येतो. वडील तिथं बराच वेळ काही बोलले नाहीत. बरोबरच्या माणसांना याचा त्रास होणार असेल तर इतिहासाचा हा भाग हळूच सोडून द्या, पण स्वतः तेवढं चालून या.

5. जेवण: शब्दांचे सापळे

फोर्ट वर्थचा अभिमान म्हणजे बीफ. आपल्यातले बरेच जण ते खात नाहीत, आणि इथल्या मेनूत नावावरून फसायला होतं. 'चिकन फ्राइड स्टेक' मध्ये चिकन नसतं. ते चिकनसारखं तळलेलं बीफ असतं. 'काफ फ्राइज' म्हणजे बटाट्याच्या फोडी नव्हेत, ते वासराचे वृषण. 'चिली' म्हटलं की बीफचं कालवण. बार्बेक्यूच्या दुकानात शेंगांच्या आमटीतही मांसाचे तुकडे असू शकतात.

शाकाहाऱ्यांना टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासच्या वळणाचं मेक्सिकन जेवण, बरं, पण दोन प्रश्न विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका: घोटलेल्या राजम्यात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर चीज एन्चिलाडा, राजमा, भात आणि साल्सावर छान जेवण होतं. 1935 पासूनचं जो टी. गार्सियाज स्टॉकयार्ड्सजवळच आहे, बाग मोठी आणि रांगही मोठी. पूर्ण वनस्पतिजन्य हवं तर मॅग्नोलिया अॅव्हेन्यूवर स्पायरल डायनर. वरण-भाताशिवाय दोन दिवस निघत नसतील तर परतताना डॅलसजवळच्या आयर्विंगला थांबा, तिथं आपल्या जेवणाला तोटा नाही.

6. बूट आणि टोपी

लगेच घेऊ नका. आधी दोन-तीन दुकानांत नुसतं घालून बघा. बुटात टाच चालताना किंचित उचलली जाते, तेवढी चालते. पाऊल मात्र आडवं दाबलं जाता कामा नये. चांगले बूट काहीशे डॉलरपासून सुरू होतात, मापाने शिवलेले हजारांत जातात. टोपी टेबलावर ठेवताना उलटी, म्हणजे डोक्याचा भाग खाली. पलंगावर तर ठेवायचीच नाही, काउबॉय लोक ते अशुभ मानतात. आपल्याकडं उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, तसंच.

7. दुसरा दिवस: डाउनटाउन थोडं, संग्रहालयं जास्त

सकाळी तास-दीड तास डाउनटाउनला पुरे. सनडान्स स्क्वेअर हे नाव सनडान्स किड या दरोडेखोराचं. गुरं हाकणाऱ्यांचा पगार जिथं उडायचा त्या जुगाराच्या, दारूच्या वस्तीला हेल्स हाफ एकर म्हणत. 1900 मध्ये बुच कॅसिडी, सनडान्स आणि तीन साथीदारांनी इथल्या फोटो स्टुडिओत कडक सूट घालून झोकात फोटो काढला. पुढं तोच फोटो डिटेक्टिव्ह लोकांच्या हाती पडून त्यांची ओळख पटली. हौस अशी नडते. त्या वस्तीच्या जागेजवळ आता 1974 चं वॉटर गार्डन्स आहे, फिलिप जॉन्सन यांच्या रचनेचं. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारं पाणी फार सुंदर दिसतं, पण पाय ओले करायचा मोह टाळा. 2004 मध्ये इथं चार जण बुडाले होते.

हिल्टनसमोर केनेडी यांचं स्मारक आहे. 22 नोव्हेंबर 1963 च्या सकाळी ते इथं पावसाच्या भुरभुरीत लोकांशी बोलले आणि डॅलसला गेले. त्यांच्या 850 क्रमांकाच्या खोल्यांसाठी गावातल्या धनिकांनी आपल्या घरातली आणि संग्रहालयांतली 16 अस्सल चित्रं आणि शिल्पं आणून मांडली होती, त्यांत व्हॅन गॉग, मोने, पिकासो. केनेडी पती-पत्नींना हे सकाळी लक्षात आलं. त्यातलं टॉमस एकिन्स यांचं पोहणाऱ्यांचं चित्र आज अमॉन कार्टर संग्रहालयात आहे, तेव्हा आता तिकडंच चला.

कल्चरल डिस्ट्रिक्टमध्ये तीन मोठी संग्रहालयं चालण्याच्या अंतरावर आहेत. गुरांच्या पाठोपाठ इथं तेलाचा पैसा आला आणि तो चित्रांत मुरला. अमॉन कार्टर हे गावचे वृत्तपत्र-मालक. त्यांच्या संग्रहालयात रेमिंग्टन आणि रसेल यांची काउबॉयची चित्रं आहेत. प्रवेश मोफत. ताडाओ आंडो यांनी बांधलेलं 2002 चं मॉडर्न हे संग्रहालय पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं.

वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर तिसरं, किम्बेल संग्रहालय. 1972 ची ही इमारत लुई कान यांची, अहमदाबादचं आयआयएम बांधणारे तेच. 1974 मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात त्यांचं निधन झालं. छताच्या कमानींमधल्या फटीतून ऊन आत येतं आणि काँक्रीटवर चंदेरी होऊन पसरतं. ढग आला की खोली बदलते. मायकेलअँजेलोनं कोवळ्या वयात काढलेलं संत अँथनीचं चित्र इथं आहे. पोस्टरएवढंही नाही, लोक समोरून निघून जातात. कायमचा संग्रह बघायला पैसे लागत नाहीत. आशियाई दालनात भारतीय शिल्पंही आहेत. आई त्यांच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबली.

8. निघताना

एक दिवस जास्त असेल आणि तो कामाचा वार असेल तर गावाच्या उत्तरेला अमेरिकेच्या नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे. वरच्या मार्गिकेतून खाली छपाई चाललेली दिसते, आणि तेही मोफत. उघडा असण्याचे दिवस त्यांच्या संकेतस्थळावर बघून जा, ओळखपत्र न्या, फोन गाडीतच ठेवा. परतताना पाकिटातली एखादी नोट काढून बघा. तिच्यावर 'एफडब्ल्यू' अशी बारीक अक्षरं असतील तर ती इथंच छापलेली. आमच्या चार जणांच्या पाकिटांत मिळून सहा निघाल्या, आणि त्यातल्या दोन पार्किंगवाल्यानं घेतल्या.